टॉवरने 'उतरा' म्हटलं तरी पायलट का उतरत नाही? आकाशातली परवानगी समजून घेऊ

हिंगोली : सोयाबीनमध्ये खुरपणी चालू असते आणि डोक्यावरून विमान जातं. पोरं हात हलवतात. मोठी माणसं "मुंबईला चाललं असंल" म्हणून परत खुरप्याला लागतात. पण एक प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. वर रस्ता नाही, पाटी नाही, लाल-हिरवा सिग्नल नाही. मग हे विमान समोरून येणाऱ्या दुसऱ्या विमानावर आदळत का नाही?

उत्तर साधं आहे. ते बोलण्यावर चालतं. खाली बसलेला कंट्रोलर रेडिओवर सांगतो, वर बसलेला पायलट ऐकतो आणि ऐकलेलं परत म्हणून दाखवतो. या बोलण्यातून जी परवानगी मिळते तिला 'क्लिअरन्स' म्हणतात. मात्र परवानगी मिळाली म्हणजे पायलटचं काम संपलं असं नाही. तिचा अर्थ नीट लावणं हे त्याचंच काम असतं. अर्थ चुकला की काय होतं, ते जगाने आणि आपल्या देशानेही पाहिलं आहे.

आता आपल्या शिवारातही फवारणीचे ड्रोन उडायला लागले आहेत. ते चालवणारी पोरं आणि ताई कायद्याच्या भाषेत पायलटच आहेत. त्यामुळे हा विषय आता फक्त विमानवाल्यांचा राहिलेला नाही.

आधी रेल्वेचं उदाहरण घेऊ

एकेरी रेल्वेमार्गावर पूर्वी ड्रायव्हरला टोकन मिळायचं. स्टेशनवरचा माणूस रिंगला अडकवलेलं टोकन हातात द्यायचा, तरच गाडी पुढे निघायची. जुन्या लोकांनी हे डोळ्याने पाहिलं आहे. त्या टोकनचा अर्थ ठरलेला होता. "पुढच्या स्टेशनापर्यंत हा मार्ग तुझा." त्याच्या पुढचा नाही. पुढे जायचं तर नवीन टोकन.

विमानाचा क्लिअरन्स तसाच असतो. कुठपर्यंत जायचं, कोणत्या मार्गाने, किती उंचीवर, हे त्यात ठरलेलं असतं. जिथपर्यंत परवानगी आहे तिथपर्यंतच जायचं. फरक एवढाच की टोकन हातात धरता येतं. इथे फक्त शब्द असतात, आणि तेही खरखरत्या रेडिओवर.

आपल्या हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा भागावरून जी उंचावरची विमानं जातात, त्यांची उंचीही अशीच ठरवून दिलेली असते. मोठी प्रवासी विमानं साधारण ३० ते ४० हजार फुटांवर उडतात. नियम असा, की पूर्वेच्या बाजूला जाणारं विमान ३३, ३५, ३७ हजार अशा विषम आकड्यावर, आणि पश्चिमेच्या बाजूला जाणारं ३४, ३६, ३८ हजार अशा सम आकड्यावर. दोघांमध्ये एक हजार फूट, म्हणजे सुमारे तीनशे मीटर अंतर. खालून बघताना दोन विमानं एकमेकाला घासून गेल्यासारखी वाटतात, पण मध्ये एवढी जागा असते.

सांगणारे कोण, ऐकणारे कोण?

विमानतळावर जो उंच काचेचा मनोरा दिसतो तो टॉवर. धावपट्टीवर कोण येणार, कोण उडणार, कोण उतरणार हे टॉवर सांगतो. विमान वर गेलं की दुसरा कंट्रोलर त्याला हातात घेतो, आणि लांबच्या प्रवासात तिसरा. एकाकडून दुसऱ्याकडे विमान सोपवलं जातं. देशाचं आकाश मुख्यतः दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई अशा चार मोठ्या विभागांत वाटलेलं आहे.

बहुतेक नागरी विमानतळांवर हे काम भारतीय विमानतळ प्राधिकरणाची माणसं करतात. पुण्यासारख्या ठिकाणी विमानतळ हवाई दलाचा आहे, तिथे हवाई दलाची माणसं सांगतात. नियम करणारी आणि चुकल्यास कारवाई करणारी संस्था म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए. १९३४ चा जुना विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम २०२४ लागू झाला आहे.

जगभर विमानाच्या बोलण्याचे शब्दही ठरवून दिलेले आहेत. मनाला येईल तसं बोलायचं नाही. पायलटने प्रत्येक परवानगी कशी तपासायची, ते आता एकेक करून पाहू.

पहिली गोष्ट : परवानगी नेमकी कशाची?

२७ मार्च १९७७. स्पेनच्या ताब्यातलं तेनेरीफ नावाचं बेट. दुसऱ्या बेटावरच्या विमानतळावर बॉम्ब फुटल्यामुळे बरीच विमानं इकडे वळवलेली. छोटा विमानतळ, त्यात दाट धुकं. टॉवरमधून धावपट्टी दिसत नव्हती. एका टोकाला केएलएम कंपनीचं जंबो विमान उडण्याच्या तयारीत, आणि त्याच धावपट्टीवर धुक्यात पॅन अ‍ॅम कंपनीचं दुसरं जंबो विमान समोरून चालत येत होतं.

केएलएमच्या पायलटला टॉवरने परवानगी दिली. पण ती उडाल्यानंतर कोणत्या मार्गाने जायचं याची होती. धावपट्टीवर धावायला सुरुवात करण्याची नव्हती. त्या वाक्यात 'टेकऑफ' हा शब्द मात्र होता. पायलटने ती उडण्याचीच परवानगी समजून विमान सोडलं. "थांबा, मी सांगतो" हे टॉवरचं पुढचं बोलणं नीट पोचलं नाही, कारण त्याच क्षणी पॅन अ‍ॅमचा पायलटही बोलला आणि दोन आवाज एकमेकात अडकून नुसता कर्कश आवाज ऐकू आला. केएलएमच्या इंजिनिअरला शंका आली होती. "ते विमान बाजूला झालं नाही का?" असं त्याने विचारलंही. कॅप्टन "झालं" म्हणाला. दोन विमानं आदळली. ५८३ माणसं गेली. आजपर्यंतचा हा सर्वांत मोठा विमान अपघात आहे.

त्यानंतर शब्द बदलले. आता 'टेकऑफ' हा शब्द खरोखर उडण्याची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरतात. बाकी सगळीकडे 'डिपार्चर' म्हणतात. मार्गाची परवानगी वेगळी, धावपट्टीवर येऊन थांबण्याची वेगळी, उडण्याची वेगळी. 'लाइन अप अँड वेट' म्हणजे धावपट्टीवर ये आणि थांब. 'होल्ड शॉर्ट' म्हणजे धावपट्टीच्या अलीकडेच थांब, आत पाऊल टाकू नको.

आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे विहीर खोदायला मंजुरी मिळाली, असं होत नाही. एका कागदाचं काम दुसरा कागद करत नाही. तेच इथे आहे.

दुसरी गोष्ट : ऐकलं ते परत म्हणा

हिंगोलीच्या हळद मार्केटमधून आडत्याचा फोन येतो. भाव 'साडेबारा' की 'साडेतेरा' ऐकू येत नाही. शहाणा शेतकरी काय करतो? "साडेबारा म्हणालात ना?" असं विचारून घेतो. पायलटला हे विचारणं ऐच्छिक नाही, सक्तीचं आहे. त्याला 'रीडबॅक' म्हणतात.

बोलणं इंग्रजीत असतं, पण मराठीत सांगायचं तर असं :

टॉवर : "अमुक विमान, धावपट्टी २७ च्या अलीकडे थांबा."

पायलट : "धावपट्टी २७ च्या अलीकडे थांबतो, अमुक विमान."

नुसतं "हो" किंवा "बरं" चालत नाही. धावपट्टीवर येणं, ती ओलांडणं, उडणं, उतरणं, थांबणं, उंची, दिशा, वेग, हवेच्या दाबाचा आकडा, हे सगळं जसंच्या तसं म्हणून दाखवावं लागतं. चुकीचं म्हटलं तर कंट्रोलरने तिथेच दुरुस्त करायचं. पायलट गप्प राहिला तर पुन्हा विचारायचं.

सिनेमात पायलट सारखं 'रॉजर' म्हणतो. त्याचा अर्थ "तुमचं बोलणं पूर्ण ऐकलं" एवढाच आहे. "तसं करतो" असा त्याचा अर्थ होत नाही. "समजलं, तसं करतो" यासाठी 'विल्को' हा वेगळा शब्द आहे. आकडे म्हणायची पद्धतही वेगळी. इंग्रजी नऊला 'नायनर', पाचला 'फाइफ', तीनला 'ट्री' म्हणतात, म्हणजे खरखरीत एकाचा दुसरा ऐकू येऊ नये. धावपट्टीचा नंबरही उगीच दिलेला नसतो. २७ म्हणजे होकायंत्रावर २७० अंश, पश्चिमेकडे तोंड.

म्हणून दाखवलं, पण पाळलं नाही

आता आपल्या देशातली घटना. १२ नोव्हेंबर १९९६, संध्याकाळ. हरियाणातलं चरखी दादरी. दिल्लीहून सौदीचं जंबो विमान निघालं होतं. त्याला १४ हजार फुटांपर्यंत चढून तिथेच राहायला सांगितलं होतं. समोरून कझाकस्तानचं विमान दिल्लीकडे उतरत येत होतं. त्याला १५ हजार फुटांवर थांबायला सांगितलं होतं. मध्ये एक हजार फूट अंतर. समोरून सौदीचं विमान येतंय, हेही कंट्रोलरने कझाक विमानाला सांगितलं होतं.

हुकूम बरोबर होता. पण कझाक विमान १५ हजारांवर थांबलं नाही, खाली येत गेलं आणि साधारण १४ हजार फुटांवर सौदीच्या विमानाला जाऊन धडकलं. दोन्ही विमानांतली मिळून ३४९ माणसं गेली. एकही वाचलं नाही. हवेत दोन विमानांची टक्कर होऊन झालेला हा जगातला सर्वांत मोठा अपघात. तो शेतांवर झाला. अवशेष आणि मृतदेह शेतकऱ्यांच्या रानात पडले होते.

न्यायमूर्ती आर. सी. लाहोटी यांच्या आयोगाने चौकशी केली. कझाक विमानात टॉवरशी बोलणारा माणूस वेगळा आणि विमान चालवणारे वेगळे होते. इंग्रजीची अडचण होती. बोलणाऱ्याने ऐकलेला आकडा चालवणाऱ्याच्या डोक्यात तसाच उतरला नाही. घरात एकाने फोन घेतला आणि निरोप दुसऱ्याला अर्धाच पोचला, असं आपल्याकडेही होतं. तिथे त्याची किंमत ३४९ जीव होती.

त्या काळी दिल्लीच्या रडारवर विमान कुठे आहे ते दिसायचं, पण किती उंचीवर आहे ते कळायचं नाही. येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांचा मार्गही एकच होता. अपघातानंतर हे बदललं. उंची दाखवणारं रडार आलं, येण्याजाण्याचे मार्ग वेगळे झाले, आणि समोर दुसरं विमान आलं तर पायलटला थेट इशारा देणारं यंत्र विमानात सक्तीचं झालं.

तिसरी गोष्ट : परवानगी म्हणजे हमी नव्हे

८ जून २०२४ चा मुंबईचा व्हिडिओ अनेकांच्या मोबाईलवर आला होता. एअर इंडियाचं विमान तिरुवनंतपुरमला जायला धावपट्टीवर धावत होतं, आणि त्याच धावपट्टीवर मागून इंदूरहून आलेलं इंडिगोचं विमान उतरलं. पुढचं विमान उचललं गेलं म्हणून अनर्थ टळला.

यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे दोन्ही कंपन्यांनी आपल्या पायलटने टॉवरच्या सूचनेप्रमाणेच केल्याचं सांगितलं. एकाला उडण्याची परवानगी होती, दुसऱ्याला उतरण्याची. डीजीसीएने चौकशी लावली आणि संबंधित कंट्रोलरला कामावरून बाजूला केलं. म्हणजे कागदावर हुकूम पाळूनही दोन विमानं एका धावपट्टीवर येऊ शकतात. सांगणाराही माणूसच आहे.

म्हणून उतरण्याची परवानगी मिळाली तरी पायलटची नजर धावपट्टीवर असते. कुत्रं आलं, जीप आली, पुढचं विमान अजून बाजूला झालं नाही, तर तो उतरत नाही. इंजिनाला जोर देऊन पुन्हा वर चढतो. याला 'गो-अराउंड' म्हणतात. यासाठी त्याला कोणाची परवानगी मागायची गरज नाही. आधी विमान सांभाळायचं, मग टॉवरला कळवायचं.

१५ फेब्रुवारी २०२० ला पुण्यात उलटी गोष्ट घडली. दिल्लीला निघालेलं एअर इंडियाचं विमान ताशी सुमारे २२० किलोमीटर वेगाने धावपट्टीवर धावत होतं. तेवढ्यात पायलटला समोर जीप आणि माणूस दिसला. त्याने विमान ठरल्यापेक्षा आधीच उचललं. शेपटीचा भाग धावपट्टीला घासला, पण जीप चुकली आणि विमान दिल्लीत सुखरूप उतरलं. परवानगी हातात होती, तरी डोळे उघडे होते म्हणून माणसं वाचली.

मुंबईतच ९ फेब्रुवारी २००९ ला तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या ताफ्यातलं हवाई दलाचं हेलिकॉप्टर धावपट्टीवर आलं, तेव्हा दिल्लीकडे निघालेलं प्रवासी विमान धावायला लागलं होतं. त्या पायलटने जोरात ब्रेक मारून विमान थांबवलं. तिथेही शेवटी कामाला आली ती पायलटची नजरच.

चौथी गोष्ट : जमत नसेल तर स्पष्ट 'नाही' म्हणा

कंट्रोलर साहेब आहे आणि पायलट त्याचा नोकर, असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. आंतरराष्ट्रीय नियमानुसार विमानाबाबतचा शेवटचा अधिकार आणि शेवटची जबाबदारी कॅप्टनची. टॉवरने सांगितलेली उंची विमानाला झेपत नसेल, सांगितलेल्या दिशेला वादळी ढग असेल, तर पायलटने 'अनेबल' म्हणायचं, म्हणजे "जमणार नाही", आणि कारण सांगायचं. मग कंट्रोलर दुसरा मार्ग काढतो. यात कोणाचा अपमान होत नाही. जिवावर बेतलं तर नियम बाजूला ठेवण्याचीही कॅप्टनला मुभा आहे, नंतर त्याचं उत्तर द्यावं लागतं.

पण उलटही तितकंच खरं. टॉवरची परवानगी मिळाली म्हणून नियम मोडायची मोकळीक मिळत नाही. धुक्यात किती अंतरापर्यंत दिसलं तर उतरायचं, याचे आकडे विमानतळ, विमान आणि पायलटच्या प्रशिक्षणाप्रमाणे ठरलेले आहेत. टॉवरने "उतरा" म्हटलं, पण ठरलेल्या उंचीपर्यंत खाली येऊनही धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत, तर पायलटला परत वर जावंच लागतं. शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. "उतरा" याचा अर्थ "उतरायची मुभा आहे" असा आहे. "उतरलंच पाहिजे" असा नाही.

नांदेडला किंवा संभाजीनगरला विमानाने उतरताना ते एकदम वर चढलं आणि घिरट्या घालायला लागलं, तर आत बसलेले लोक घाबरतात, चिडतातही. खरं तर तो पायलट आपलं काम नीट करतोय असं समजावं.

नाही म्हणायची लाज आणि अडचण सांगायचा संकोच किती महागात पडतो, याचंही उदाहरण आहे. २५ जानेवारी १९९० ला कोलंबियाचं एक विमान न्यूयॉर्कला खराब हवामानामुळे तासाभराहून जास्त वेळ आकाशात थांबवून ठेवलं होतं. इंधन संपत आलं होतं. को-पायलटने "इंधन संपत आलंय", "प्राधान्य द्या" असं सांगितलं. पण 'इमर्जन्सी' किंवा 'मेडे' हा ठरलेला शब्द वापरला नाही. कंट्रोलरला परिस्थिती इतकी हाताबाहेर गेल्याचं कळलंच नाही. विमान कोसळलं, ७३ जण गेले.

आपल्याकडे दवाखान्यात छातीत कळ येत असताना "थोडं दुखतंय" म्हणणारी माणसं आहेत. डॉक्टर मग त्यांना रांगेत बसवतो. संकटात सौम्य शब्द वापरू नये. विमानात यासाठी दोन वेगळे शब्द ठेवले आहेत. 'मिनिमम फ्युएल' म्हणजे आता आणखी उशीर चालणार नाही. 'मेडे फ्युएल' म्हणजे संकट आलं, वाट मोकळी करा.

पाचवी गोष्ट : दोन हुकूम आले तर कोणाचं ऐकायचं?

चरखी दादरीनंतर इशारा देणारं यंत्र आपल्याकडे सक्तीचं झालं, हे वर आलं आहे. हे यंत्र जवळच्या विमानातल्या यंत्राशी परस्पर बोलतं. एकाला "वर चढ" सांगतं, दुसऱ्याला "खाली ये". पण त्याच वेळी कंट्रोलरने उलटं सांगितलं तर?

१ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या उबरलिंगेन गावावर नेमकं हेच झालं. रशियाच्या विमानात बहुतांश सहलीला निघालेली शाळकरी मुलं होती. यंत्र सांगत होतं "वर चढा". कंट्रोलर सांगत होता "खाली या". पायलटने कंट्रोलरचं ऐकलं. समोरच्या मालवाहू विमानाने यंत्राचं ऐकलं आणि तेही खाली आलं. दोघं धडकले. ७१ जीव गेले.

आता नियम पक्का आहे. यंत्राने टक्कर टाळायचा हुकूम दिला की यंत्राचंच ऐकायचं, कंट्रोलर उलट सांगत असला तरी. पायलटने फक्त कळवायचं. कंट्रोलरने मध्ये बोलायचं नाही. यामागचं कारण सोपं आहे. दोन विमानांतली यंत्रं एकमेकांशी ठरवून बोलतात, माणसाला त्या सेकंदात तेवढं दिसत नाही.

आता आपल्या शिवारात येऊ

हे सगळं वाचून वाटेल, आपला काय संबंध? आपल्या पाचही तालुक्यांत ड्रोनने फवारणीची चर्चा आहे. लग्नात शूटिंगचा ड्रोन नसला तर आता वऱ्हाडी विचारतात. केंद्राच्या 'नमो ड्रोन दीदी' योजनेत १५ हजार महिला बचत गटांना ड्रोन द्यायचं ठरलं, त्यात किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये मदत आहे. ड्रोन हातात आला की माणूस पायलट झाला, आणि त्याला ऑगस्ट २०२१ मध्ये आलेले ड्रोन नियम लागू झाले.

या नियमांत आकाशाचे तीन रंग केले आहेत. ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटरपर्यंत, उडवायला वेगळी परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट आहे. यलो झोनमध्ये त्या भागाच्या हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी घ्यावी लागते. रेड झोनमध्ये केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. हा नकाशा सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळावर मोबाईलवर बघता येतो.

इथेही पायलटसारखाच अर्थ लावावा लागतो. पहिलं, नकाशा आज हिरवा आहे म्हणजे उद्याही हिरवा असेल असं नाही. मोठ्या नेत्याचा दौरा, बंदोबस्त असला की तो भाग तात्पुरता रेड झोन होऊ शकतो. प्रचाराच्या दिवसांत शाळेच्या मैदानावर, गावाबाहेर हेलिकॉप्टर उतरतात. त्या वेळी बाजूच्या शेतातला ड्रोन म्हणजे पुण्याच्या धावपट्टीवरची जीपच. म्हणून प्रत्येक वेळी उडवण्याआधी नकाशा बघायचा.

दुसरं, परवानगी कोणत्या कामाची आहे ते बघायचं. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला नॅनो म्हणतात, त्याला पायलट सर्टिफिकेट लागत नाही. त्यापुढे २ किलोपर्यंतचा मायक्रो ड्रोन स्वतःच्या हौसेसाठी उडवला तरी सर्टिफिकेटची गरज नाही. पण तोच ड्रोन लग्नात पैसे घेऊन उडवला की तो धंदा झाला, तिथे सर्टिफिकेट लागतं. फवारणीचा ड्रोन तर त्याहून कितीतरी जड. त्याची नोंदणी हवी, त्याला यूआयएन नंबर हवा, आणि चालवणाऱ्याकडे मान्यताप्राप्त संस्थेचं रिमोट पायलट सर्टिफिकेट हवं. त्यासाठी वय १८ ते ६५ आणि शिक्षण किमान दहावी पास. नियम मोडला तर एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

तिसरं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, ग्रीन झोन ही हमी नाही. नकाशात विजेची तार दिसत नाही. बांधावर खेळणारं पोरगं दिसत नाही. वाऱ्याने औषध उडून शेजाऱ्याच्या तुतीवर गेलं तर त्याच्या रेशीम अळ्या मरतील, हे नकाशा सांगत नाही. ड्रोनने कीटकनाशक फवारणीसाठी केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये वेगळी कार्यपद्धती दिली आहे, तीही पाळावी लागते. आणि मालक म्हणाला "उडव, काही होत नाही" तरी वारा जोरात असेल, तार जवळ असेल, तर पोराने 'जमणार नाही' म्हणायचं. रोजंदारीवर ड्रोन चालवणाऱ्याला हे म्हणणं जड जातं. पण रिमोट त्याच्या हातात आहे, त्यामुळे जबाबदारीही त्याचीच.

थोडक्यात लक्षात ठेवा

- परवानगी कोणत्या कामाची, कुठपर्यंतची, ते आधी बघा. एका कामाची परवानगी दुसऱ्याला चालत नाही.
- महत्त्वाचा निरोप ऐकला की परत म्हणून दाखवा. निरोप घेणारा एक आणि काम करणारा दुसरा असेल तर दुप्पट काळजी घ्या.
- परवानगी मिळाली तरी समोर बघा. सांगणाराही चुकू शकतो.
- जमत नसेल तर 'जमणार नाही' म्हणा. संकट असेल तर संकटच म्हणा.
- ड्रोन उडवण्याआधी प्रत्येक वेळी नकाशा, वारा, तार आणि आजूबाजूची माणसं तपासा.
- विमान उतरता उतरता परत वर गेलं तर पायलटला शिव्या देऊ नका. खाली काहीतरी ठीक नसल्याशिवाय तो परत चढत नाही.